एक नाणे, अनेक तिजोऱ्या

डिसेंबर २०२४ मध्ये फ्रान्समध्ये मिशेल बार्निए यांचे सरकार अंदाजपत्रकाच्या प्रश्नावरून कोसळले. त्यांच्यामागून आलेले फ्रान्स्वा बायरू यांनी सरकारी कर्जाला आवर घालण्याच्या आपल्या कार्यक्रमावर संसदेचा विश्वास मागितला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तेही पराभूत झाले. नऊ महिन्यांच्या अवधीत दोन पंतप्रधानांचा बळी घेणारा हा प्रश्न केवळ फ्रेंच राजकारणाच्या अस्थिरतेचा आहे, असे मानणे भाबडेपणाचे होईल. २०२४ मध्ये फ्रान्सची तूट एकूण देशांतर्गत उत्पादनाच्या ५.८ टक्के होती आणि सरकारी कर्ज ११३ टक्क्यांच्या घरात गेले होते. ज्या चलनसंघाचा फ्रान्स हा संस्थापक सभासद आहे, त्याचा नियम मात्र तूट ३ टक्क्यांच्या आणि कर्ज ६० टक्क्यांच्या आत असावे असा आहे.

ऋण काढून सण साजरा करणारी सरकारे सर्व खंडांत आणि सर्व काळांत होऊन गेली आहेत. तेव्हा कर्जबाजारीपणा हा काही युरोपचा विशेष नव्हे. परंतु येथे एक विसंगती ध्यानात घेतली पाहिजे. जपानचे सरकारी कर्ज त्या देशाच्या उत्पादनाच्या दोनशे टक्क्यांहून अधिक असूनही त्याच्या रोख्यांना गिऱ्हाईक मिळत राहिले आहे. याउलट स्पेनचे कर्ज २०११ च्या अखेरीस सुमारे ७० टक्के असताना, पुढल्याच वर्षी त्या देशाकडून दहा वर्षांच्या कर्जाला सात टक्क्यांहून अधिक व्याज मागितले जाऊ लागले. कर्जाचा नुसता आकडा पाहून याचा उलगडा होत नाही. कर्ज किती, याइतकाच ते कोणत्या चलनात काढले आणि त्या चलनाची किल्ली कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

चलनाबरोबर काय गेले?

ज्या देशाचे चलन स्वतःचे असते, त्याच्या हाती संकटकाळी तीन साधने असतात. मंदी आली तर त्याची मध्यवर्ती बँक व्याजदर खाली आणू शकते. त्याचा माल परदेशात महाग पडू लागला, तर चलनाचे अवमूल्यन करून तो पुन्हा स्वस्त करता येतो. आणि सरकारी रोखे विकत घेण्यास बाजारात कोणीच पुढे आले नाही, तर मध्यवर्ती बँक ते स्वतः विकत घेऊ शकते. या तिसऱ्या साधनाचा अतिरेक झाला की चलनवाढ होते, हे खरे. परंतु ते साधन हाताशी आहे एवढी जाणीवच सावकारांना धीर देण्यास पुष्कळदा पुरेशी असते. सामायिक चलन स्वीकारणारा देश ही तिन्ही साधने एकाच वेळी सोडून देतो. यापुढे त्याचे कर्ज जणू परकीय चलनातले असते, कारण ते चलन तो स्वतः निर्माण करू शकत नाही.

७ फेब्रुवारी १९९२ रोजी मास्ट्रिक्ट येथे झालेल्या तहाने हा त्याग युरोपने डोळसपणे पत्करला. १ जानेवारी १९९९ रोजी अकरा देशांनी युरो स्वीकारला, २००१ मध्ये ग्रीस त्यांना येऊन मिळाला, आणि २००२ च्या आरंभी नोटा व नाणी लोकांच्या हाती आली. २०२३ मध्ये क्रोएशिया सामील झाला तेव्हा सभासदांची संख्या वीस झाली होती. चलन एक झाले, व्याजदर ठरविणारी मध्यवर्ती बँक एक झाली. कर आणि खर्च मात्र ज्याच्या त्याच्या संसदेकडे राहिले. भावाभावांनी चुली वेगळ्या ठेवाव्यात आणि बाजारात पत मात्र एकाच नावाने चालवावी, अशातला हा प्रकार होता.

या व्यवस्थेतला धोका तिच्या शिल्पकारांना दिसत नव्हता असे नाही. एका भावाने उधळपट्टी केली तर सर्वांच्या पतीला बट्टा लागेल, म्हणून तुटीला ३ टक्क्यांची आणि कर्जाला ६० टक्क्यांची मर्यादा घालण्यात आली. कोणत्याही सभासदाच्या कर्जाची जबाबदारी दुसऱ्यावर येणार नाही, आणि युरोपीय मध्यवर्ती बँक सरकारांकडून थेट रोखे विकत घेणार नाही, अशी कलमेही तहात आली. या दोन आकड्यांमागचे गणित साधे आहे. चालू किमतींनुसार देशाचे उत्पादन वर्षाला ५ टक्क्यांनी वाढत असेल आणि सरकार दरवर्षी उत्पादनाच्या ३ टक्के कर्ज काढीत असेल, तर कर्जाचे प्रमाण कालांतराने ६० टक्क्यांपाशी स्थिर होते. पण वाढीचा वेग २ टक्क्यांवर आला, तर तीच ३ टक्क्यांची तूट कर्जाला दीडशे टक्क्यांकडे नेते. म्हणजे हा नियम वाढत्या उत्पादनाच्या काळासाठी बेतलेला होता; मंदावलेल्या अर्थव्यवस्थेला तो अंगाला घट्ट होणार, हे त्याच्या मापातच लिहिलेले होते.

नियम कोणी मोडला?

हा नियम प्रथम ज्यांनी खुंटीवर टांगला ते दुबळे किंवा उधळे देश नव्हते. आर्थिक शिस्तीच्या करारासाठी १९९७ मध्ये सर्वाधिक आग्रह धरणारा जर्मनी आणि त्याचा जोडीदार फ्रान्स या दोघांचीही तूट २००२ पासून ३ टक्क्यांच्या वर गेली. नोव्हेंबर २००३ मध्ये त्यांच्याविरुद्धच्या कारवाईचे पुढचे पाऊल टाकण्याची वेळ आली, तेव्हा अर्थमंत्र्यांच्या परिषदेने ती कारवाई स्थगित केली. २००५ मध्ये नियमच सैल करण्यात आले. थोरल्यांनीच घराची शिस्त मोडल्यावर धाकट्यांनी ती पाळावी ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करावयाची?

बाजारानेही या नियमांवर पहारा ठेवला नाही. कोणाचे कर्ज कोणी फेडणार नाही असे तह सांगत असताना, सावकार मात्र सर्वांना जवळजवळ एकाच भावाने पैसे देत होते. १९९० च्या दशकाच्या आरंभी दुहेरी अंकांत व्याज मोजणाऱ्या ग्रीसला २००५ च्या सुमारास जर्मनीपेक्षा जेमतेम पाव टक्का अधिक व्याजाने कर्ज मिळू लागले. स्वस्त पैसा दारात आल्यावर अंथरूण पाहून पाय पसरण्याचे भान फार थोड्यांना राहते.

ग्रीसला ते राहिले नाही, आणि त्याच्या राज्यकर्त्यांचा दोष झाकण्याचे कारण नाही. ऑक्टोबर २००९ मध्ये सत्तेवर आलेल्या पापांद्रेऊ सरकारने त्या वर्षाची तूट आधी सांगितलेल्या आकड्याच्या दुपटीहून अधिक, म्हणजे १२ टक्क्यांवर असल्याचे जाहीर केले. पुढे फेरतपासणीत ती १५ टक्क्यांपर्यंत गेली. करचुकवेगिरी, फुगलेला सरकारी खर्च आणि आकड्यांची लपवाछपवी यांची ती कबुलीच होती. मे २०१० मध्ये युरोपीय देश आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांनी ११० अब्ज युरोचे कर्ज मंजूर केले आणि त्याबरोबर काटकसरीच्या अटी आल्या.

शिस्तीत राहिलेल्यांची गत

ग्रीसचे उदाहरण इतके ठळक होते की संपूर्ण संकटाचा अर्थ त्यावरूनच लावला गेला. सरकारांनी उधळपट्टी केली, म्हणून त्यांनी आता प्रायश्चित्त घ्यावे, असा हा निवाडा होता. परंतु आयर्लंड आणि स्पेन यांची जमाखर्चाची वही उघडली तर तो टिकत नाही. २००७ मध्ये आयर्लंडचे सरकारी कर्ज उत्पादनाच्या २५ टक्क्यांच्या आसपास आणि स्पेनचे ३६ टक्के होते. स्पेनच्या अंदाजपत्रकात त्या वर्षी चक्क शिल्लक होती. नियमाच्या कसोटीवर हे दोन देश जर्मनीपेक्षा सरस होते.

त्यांच्यावर संकट आले ते सरकारी तिजोरीतून नव्हे, खाजगी बँकांतून. उत्तरेकडील देशांची बचत कमी व्याजाने दक्षिणेकडे आणि आयर्लंडकडे वाहत गेली आणि घरे, जमिनी व बांधकाम यांत ओतली गेली. भाववाढ होत असताना त्या देशांना व्याजदर वाढविण्याची सोय नव्हती. फ्रँकफुर्टमध्ये ठरणारा दर संपूर्ण संघाच्या सरासरीला धरून असे. २००८ मध्ये घरांचे भाव कोसळले. सप्टेंबरच्या अखेरीस आयर्लंडच्या सरकारने आपल्या बँकांच्या देण्यांची हमी घेतली, आणि त्या बँका तगविण्यासाठी पुढे सुमारे ६४ अब्ज युरो खर्ची पडले. २०१० मध्ये आयर्लंडची तूट उत्पादनाच्या ३० टक्क्यांहून अधिक झाली. खाजगी सावकारांनी केलेल्या बेजबाबदार व्यवहाराचे ओझे अशा रीतीने शाळा आणि रुग्णालये चालविणाऱ्या तिजोरीवर येऊन पडले. सुक्याबरोबर ओलेही जळाले.

बेल्जियन अर्थशास्त्रज्ञ पॉल द ग्राऊव यांनी २०११ मध्ये स्पेन आणि ब्रिटन यांची जी तुलना मांडली, ती या विषयाच्या अभ्यासकांनी आवर्जून पाहावी अशी आहे. ब्रिटनचे कर्ज त्या वेळी उत्पादनाच्या ८० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे स्पेनपेक्षा जास्त होते. तरीही व्याज अधिक मोजावे लागले ते स्पेनला. ब्रिटनचे रोखे विकून बाहेर पडणाऱ्याला पौंड दुसऱ्या कोणाला तरी विकावे लागतात. पौंड उतरतो, पण पैसा ब्रिटनमध्येच राहतो, आणि गरज पडली तर बँक ऑफ इंग्लंड पाठीशी असते. स्पेनचे रोखे विकणारा मात्र तेच युरो घेऊन जर्मनीत जातो. सावकारांना भीती वाटली की ते व्याज वाढवितात. व्याज वाढले की कर्ज खरोखरच फेडता येणार नाही अशी परिस्थिती निर्माण होते, आणि मुळात निराधार असलेली भीती स्वतःच स्वतःला खरी करून दाखविते.

ही भीती शमली कशी, याचा इतिहास उद्बोधक आहे. २६ जुलै २०१२ रोजी युरोपीय मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष मारिओ द्रागी यांनी लंडन येथील भाषणात, युरो वाचविण्यासाठी आपल्या अधिकारकक्षेत जे जे आवश्यक ते सर्व बँक करील, असे जाहीर केले. सप्टेंबरमध्ये सरकारी रोखे खरेदीची योजना आली. त्या योजनेखाली एकही रोखा प्रत्यक्षात विकत घ्यावा लागला नाही, आणि तरीही स्पेन व इटली यांचे व्याजदर खाली आले. जे काम दोन वर्षांच्या काटकसरीने झाले नव्हते, ते मध्यवर्ती बँकेच्या एका आश्वासनाने झाले. दुखणे सर्वस्वी उधळपट्टीचे असते, तर हा उपाय लागू पडला नसता.

काटकसरीचा हिशेब

दरम्यान काटकसरीची किंमत सामान्य माणसाने मोजली. ग्रीसमध्ये शिक्षक, परिचारिका आणि सरकारी कर्मचारी यांचे पगार कापले गेले, निवृत्तिवेतनाला वारंवार कात्री लागली. फेब्रुवारी २०१२ मध्ये किमान वेतन २२ टक्क्यांनी, आणि पंचविशीच्या आतील तरुणांसाठी ३२ टक्क्यांनी खाली आणण्यात आले. २०१३ मध्ये बेकारीचे प्रमाण २७ टक्क्यांच्या वर गेले. शिकलेली तरुण पिढी देश सोडून जाऊ लागली. एकूण उत्पादन सुमारे एकचतुर्थांशाने घटले. शांततेच्या काळात प्रगत देशाला क्वचितच असा आघात सोसावा लागला असेल.

एवढे करूनही कर्ज हलके झाले का? २००९ मध्ये १२७ टक्के असलेले ग्रीसचे कर्ज, मार्च २०१२ मध्ये खाजगी धनकोंनी आपल्या येण्यातील दर्शनी किमतीचा अर्ध्याहून अधिक भाग सोडून दिल्यानंतरही, २०१४ मध्ये १७५ टक्क्यांच्या पुढेच होते. यात गूढ काही नाही. कर्जाचे प्रमाण हा अपूर्णांक आहे. त्याचा छेद लहान झाला की अंश तेवढाच राहूनही प्रमाण वाढते. १२७ चे कर्ज आणि १०० चे उत्पादन असलेल्या देशाचे उत्पादन ७५ वर आले, तर नवी पैही कर्ज न काढता ते प्रमाण १६९ होते. खर्चकपातीमुळे उत्पादनाला बसणारा फटका आपल्या अंदाजांत कमी धरला गेला होता, असा निष्कर्ष नाणेनिधीच्याच अर्थशास्त्रज्ञांनी जानेवारी २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. तोवर औषध रोग्याच्या पोटात गेले होते.

अर्थात धनको देशांची बाजू केवळ कंजूषपणाची होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१० मध्ये स्लोव्हाकियाच्या संसदेने ग्रीसच्या कर्जात वाटा उचलण्यास नकार दिला. ग्रीकांपेक्षा कमी वेतनावर राबणाऱ्या आमच्या लोकांनी त्यांची कर्जे का फेडावीत, हा तेथील प्रश्न गैरवाजवी नव्हता. पुढल्या वर्षी युरोपच्या मदतनिधीच्या मतदानावरून त्या देशाचे सरकारच पडले. दुसऱ्या बाजूला, जुलै २०१५ मध्ये ग्रीक मतदारांनी ६१ टक्के बहुमताने धनकोंच्या अटी फेटाळल्या, आणि तरी काही दिवसांतच त्यांच्या सरकारला ८६ अब्ज युरोपर्यंतच्या तिसऱ्या कर्जासाठी तशाच अटी मान्य कराव्या लागल्या. दोन्ही देशांत लोकशाही होती, दोन्ही मतदार आपापल्या जागी योग्य होते. परंतु त्या दोहोंना एकत्र बसून निर्णय घेता येईल असे सभागृह आणि अशी तिजोरी मात्र नव्हती.

संघराज्ये काय करतात?

वस्तुतः हा प्रश्न युरोच्या जन्माआधीच ओळखला गेला होता. १९७७ मध्ये मॅकडूगल समितीने असे मत दिले होते की चलनसंघ चालवावयाचा तर सामायिक अंदाजपत्रक प्रदेशाच्या उत्पादनाच्या निदान ५ ते ७ टक्के असावे लागेल. प्रत्यक्षात युरोपीय संघाचे अंदाजपत्रक आजवर १ टक्क्याच्या आसपास घोटाळत राहिले. अमेरिकेतही १८४० च्या दशकाच्या आरंभी अनेक राज्यांनी कर्जे बुडविली आणि संघसरकारने ती फेडण्यास नकार दिला. तेथील राज्ये आज स्वतःची अंदाजपत्रके बहुतांशी समतोल ठेवतात. परंतु त्यांना ते जमते, कारण मंदी आली की बेकारभत्ता, निवृत्तिवेतन आणि बँकांतील ठेवींचे संरक्षण यांचा मोठा भार वॉशिंग्टन उचलते.

भारतातील वाचकाला हे समजण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. आपली राज्येही एकाच रुपयाच्या संघात राहतात आणि रुपया छापण्याचा अधिकार त्यांतील एकालाही नाही. मात्र घटनेच्या २८० व्या कलमाने वित्त आयोग दिला आहे, आणि केंद्राचे देणे असलेल्या राज्याला नवे कर्ज काढण्यापूर्वी २९३ व्या कलमानुसार केंद्राची संमती घ्यावी लागते. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी केंद्राच्या वाटपयोग्य करांतील ४१ टक्के राज्यांना दिले. त्यात महाराष्ट्राचा वाटा सुमारे ६.३ टक्के आणि बिहारचा सुमारे १० टक्के होता. महाराष्ट्रात याविषयी कुरकुर होते, आणि ती अनाठायी आहे असेही नाही. पण ही कुरकुर एका घटनेच्या चौकटीत, ठरावीक काळाने नेमल्या जाणाऱ्या आयोगापुढे होते. परक्या सावकाराच्या दारात नव्हे. २०२० मध्ये वस्तू व सेवा कराची भरपाई अडली, तेव्हा केंद्राने राज्यांसाठी १ लाख १० हजार कोटींचे कर्ज काढून त्यांना दिले. या व्यवस्थेतही दोष आहेत. राज्यांच्या रोख्यांवरील व्याजात त्यांच्या शिस्तीनुसार फारसा फरक पडत नाही, त्यामुळे बेशिस्तीची किंमत लगेच मोजावी लागत नाही. तथापि, बिहारमधील शिक्षकाचा पगार फ्रँकफुर्टसारख्या दूरच्या शहरातील बाजारभावावर अवलंबून नाही, हे तिचे श्रेय मान्य करावे लागते.

अर्धवट घर

त्याच २०२० मध्ये युरोपलाही महासाथीने जे शिकविले ते दहा वर्षांच्या वादविवादाने शिकविले नव्हते. मार्चमध्ये तुटीचे नियम स्थगित झाले, आणि जुलैमध्ये ७५० अब्ज युरोची योजना मंजूर झाली. ही रक्कम सर्वांच्या नावाने कर्ज काढून उभारावयाची आणि त्यातील ३९० अब्ज परतफेडीशिवाय द्यावयाचे, असे ठरले. पण ही योजना एकदाच राबवावयाची आहे. तिच्या कर्जाची फेड २०५८ पर्यंत चालेल, आणि तीसाठी नवे सामायिक उत्पन्न कोणते, यावर अद्याप एकमत नाही. एप्रिल २०२४ पासून अमलात आलेल्या सुधारित नियमांनी प्रत्येक देशाला चार ते सात वर्षांचा खर्चाचा आराखडा आखण्याची मुभा दिली. हे पहिल्या नियमांपेक्षा शहाणपणाचे आहे. मार्च २०२५ मध्ये जर्मनीने आपल्या घटनेतील कर्जबंदी संरक्षणखर्चापुरती सैल केली आणि पायाभूत सुविधांसाठी ५०० अब्ज युरोचा निधी उभारण्याचे ठरविले. जर्मनीजवळ पत आहे, म्हणून त्याला हे जमले. फ्रान्सला आणि इटलीला तेवढे स्वातंत्र्य नाही.

एक गोष्ट मान्य केली पाहिजे. सामायिक तिजोरी म्हणजे उधळपट्टीला परवाना नव्हे. चांगल्या वर्षांत कर्ज कमी करणे हे प्रत्येक सरकारचे कर्तव्यच आहे, आणि कर्ज २०२४ च्या अखेरीस १५५ टक्क्यांच्या खाली आणणाऱ्या ग्रीसने ते करता येते हे दाखविले आहे. फ्रान्सनेही ते टाळू नये. परंतु वाईट वर्षांत सर्वांनी एकाच वेळी कमरेचे पट्टे आवळावयाचे, हा नियम घरालाही तारत नाही आणि गावालाही नाही, कारण एकाचा खर्च हे दुसऱ्याचे उत्पन्न असते.

युरोपपुढे दोन प्रामाणिक मार्ग आहेत. एक, बेकारी आणि बँकांच्या संकटांचा भार उचलू शकेल एवढी सामायिक तिजोरी, तिच्यासाठी सामायिक कर आणि त्यांवर सामायिक संसदेचे नियंत्रण. दुसरा, ज्याचे चलन त्याला परत देण्याचा. आणि त्यातील हानी पाहता तो कोणीही सुचवू नये. या दोहोंच्या मध्ये, नाणे एक आणि संकट ज्याचे त्याचे, अशा स्थितीत राहणे शक्य आहे. गेली पंचवीस वर्षे युरोप तसाच राहिला. पण त्याची किंमत अर्थमंत्री मोजत नाहीत. ती अथेन्समधील शिक्षक, डब्लिनमधील कारकून आणि माद्रिदमधील नोकरी शोधणारा पदवीधर मोजतो. पुढचे संकट येण्यापूर्वी तिजोरीचा निर्णय झाला नाही, तर तोच पुन्हा मोजील.